नववं पान

त्या माळावर पाणी जमिनीवर टिकत नसे. असलंच तर खोल खाली असे, आणि तिथली खबर एकट्या खवले मांजराला असे. सहा कळपांना त्याने सहा विहिरी खणून दिल्या होत्या. त्यामुळे त्याच्या नखांना मान होता आणि शब्दाला त्याहून जास्त.

सातवा कळप हरणांचा. त्यांची जुनी विहीर आटली होती आणि नदी आठ दिवसांच्या वाटेवर होती. वाटेवर अजून गवत होतं. ते वाळलं, की पाडसांना ती वाट झेपणार नव्हती.

"खवलेदादा, निघायचं की थांबायचं, तेवढं सांगा," थोरली हरिणी म्हणाली.

"थांबा. पाणी आहे," खवले मांजराने मातीला नख लावण्याआधीच सांगून टाकलं.

तिथली रीत अशी, की दर दहा हातांवरची माती वर आणून पळसाच्या पानावर मांडायची. खणणाऱ्याने बोलायचं नाही, मातीने बोलायचं. पहिल्या पानावर काळी माती आली, मग मुरूम, मग पिवळी माती. आठव्या पानावर निळ्या दगडाचा भुगा आला, कोरडा ठणठणीत. त्या दगडाखाली पाणी नसतं, हे खवले मांजराला पक्कं ठाऊक होतं.

नव्वद हातांवरही तोच भुगा. आता वर जाऊन 'चुकलो' म्हणायचं होतं, बस्स. पण सहा विहिरींच्या मानकऱ्याच्या तोंडून ते निघेना. त्याने इकडेतिकडे पाहिलं. त्या खड्ड्यात बघायला होतं कोण? तरी पाहिलं, आणि आपली लांब जीभ भुग्यावरून फिरवली.

नववं पान मांडताना त्याची मान वर झाली नाही. थोरलीने मातीला नाक लावलं.

"ओल लागली गं बायांनो!"

निघायला उभी राहिलेली पाडसं पुन्हा बसली. त्यातल्या एकाने तर ती माती चाटली. खवले मांजराला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि ते घाईघाईने खाली उतरलं.

दिवस गेले. वाटेवरचं गवत वाळून गेलं. दहावं पान काही वर आलं नाही. खाली काही नव्हतं. पण वर वाट पाहणारे हरणांचे डोळे होते, म्हणून खवले मांजर खणतच राहिलं.

काठावर सुकल्या ओठांची हरणं कान लावून बसली होती. नखांचा आवाज आणखी खोल जात होता.

"ऐक," थोरली मांडीशी निपचित पडलेल्या पाडसाला म्हणाली, "आपल्यासाठी किती राबतोय बिचारा."