तीन बारशांचा राजपुत्र

एक होती आत्याबाई. राजापण आहे गं, येतोय तो, जरा दम धर. आधी आत्याबाई, कारण सगळा ताप तिच्याच डोक्याला झाला. तिचं नाव सगुणाबाई. राजा सूर्यभानाची ही थोरली बहीण. डोंगरापलीकडच्या गावात दिली होती, चांगल्या खात्यापित्या घरी. गोठ्यात म्हशी, अंगणात वाळवणं, आणि सासू अशी, की सुनेने नुसती मान वर केली तरी विचारायची, काय बघतेस गं?

एकदा काय झालं, राजाला मुलगा झाला. पुष्कळ वर्षं वाट बघून झाला, बरं का. राजाचे पाय जमिनीवर ठरेनात. लगेच निरोप आला, अक्का, बारशाला ये. आता बारसं म्हटलं की आत्या हवीच. बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगायचं ते आत्यानेच. आणि तिने नाव सांगितलं रे सांगितलं, की बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. रीतच आहे तशी. का ते मला विचारू नका, मलाही ठाऊक नाही.

सगुणाबाई हौसेने आली. राजा म्हणाला, "अक्का, माझ्या लेकाचं नाव असं पाहिजे, की दुसऱ्या कुणाचंच नसेल. ऐकल्याबरोबर कळलं पाहिजे, हा राजा!"

मग शास्त्रीबुवांनी बराच वेळ शेंडी कुरवाळली आणि नाव काढलं, महीपाल. मही म्हणजे पृथ्वी, आपली जमीन. पाल म्हणजे तिला सांभाळणारा. राजा खूश. तोवर त्या राज्यात सगळे आपले धोंडू, बारकू, रावजी, गोंदा. महीपाल शोधून सापडला नसता. सगुणाबाईने पाळण्यात वाकून कानात सांगितलं, "कुर्र, महीपाल." आणि धपाधप, धपाधप! राजवाड्यातल्या बायका त्या, हातात ही जाडजूड कंकणं. पाठ हुळहुळली बिचारीची. तरी हसत हसत घरी गेली. एकुलता एक भाचा ना!

मग काय झालं? राजावर लोकांचा भारी जीव. कुंभाराला मुलगा झाला, त्याने नाव ठेवलं महीपाल. तेल्याला झाला, त्याचा महीपाल. धनगराला जुळे झाले, त्याने एक थोरला महीपाल ठेवला आणि एक धाकटा महीपाल. हसू नका, खरंच ठेवले. संध्याकाळी कुठल्याही दारातून "महीपाऽल" अशी हाक आली, की बोळातून ढीगभर पोरं दुडुदुडु धावत सुटायची.

एक दिवस राजाची पालखी चालली होती. तेवढ्यात एक बाई ओरडली, "महीपाल, मेल्या, पुन्हा शेणात बसलास?" राजाने पालखीतून डोकं बाहेर काढून बघितलं, आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या लेकाचं नाव, आणि शेणात! तिथूनच त्याने स्वार पिटाळला. अक्का, ताबडतोब ये, नाव बदलायचंय.

सगुणाबाई तेव्हा पापड लाटत होती. निरोप ऐकून तिने लाटणं आपटलं. "अरे, नाव आहे का अंगरखा? मळला की बदलला?" पण करते काय! दुसरी बहीण असती तर तिला धाडलं असतं. पिठाचे गोळे तसेच टाकून, सासूची बोलणी खाऊन, गाडीत बसून आली.

या खेपेचं नाव होतं अवनींद्र. अवनी म्हणजे पुन्हा जमीनच हं, आणि त्या जमिनीवरचा हा इंद्र. पोरगा आता चालता-बोलता झालेला. पाळण्यात ठेवला की उडी मारून पळायचा. दोन दासींनी हात धरले, दोघींनी पाय धरले, तेव्हा कुठे सगुणाबाईने कानात सांगितलं, "कुर्र, अवनींद्र." आणि पुन्हा आपले धपाधप, धपाधप!

आता राजाने एक हुशारी केली. हुशारी कसली, कपाळ! हे नाव दुसऱ्या कुणी ठेवू नये म्हणून त्याने गावोगाव दवंडी पिटली. "ऐका हो ऐका! राजपुत्राचं नाव अवनींद्र! अवनींद्र म्हणजे पृथ्वीचा इंद्र! हे नाव कुणी ठेवू नये हो!" आता मला सांगा, ज्या खेड्यात राजाला मुलगा झाल्याचंही कुणाला माहीत नव्हतं, तिथेसुद्धा हे नाव अर्थासकट पोचलं की नाही? बायका म्हणाल्या, अगं बाई, किती छान नाव! आणि ठेवायचं नाही म्हणतात, म्हणजे नक्की त्यात काहीतरी भाग्याचं असणार. मग त्यांनी दारं लावून गुपचूप बारशी केली. वर्षभरात पाळण्यापाळण्यात अवनींद्र. शिक्षा तरी किती जणांना करायची? आणि तान्ह्या पोरांना काय करायची?

राजा चिडून चिडून काळवंडला. त्याने शास्त्रीबुवांना सांगितलं, "आता असं नाव काढा, की कुणाला ठेवायची छातीच होणार नाही." शास्त्रीबुवा तीन दिवस जेवले नाहीत. मग त्यांनी नाव आणलं, सार्वभौमनृपकुलशेखरेंद्र. म्हणजे सगळ्या पृथ्वीच्या राजांच्या कुळाच्या डोक्यावरच्या तुऱ्याचा मालक. काय? पुन्हा म्हणू? नाही हं, मी नाही म्हणणार, माझी कवळी निसटेल.

स्वार पुन्हा डोंगर चढून गेला. सगुणाबाईची म्हैस व्यायला झाली होती. एक हात म्हशीच्या पाठीवर, एक हात कपाळावर. "सूर्या, सूर्या, काय छळ मांडलायस रे माझा!" तरी आलीच. पोरगा आता चांगला सहा-सात वर्षांचा. त्याला पाळण्यात कोंबला, तर गुडघे बाहेर, कोपरं बाहेर, आणि पाळणा करकरतोय. तो म्हणाला, "आत्ते, मी बाहेर उभा राहतो ना, तू कानात सांग." राजा म्हणाला, रीत म्हणजे रीत. सगुणाबाईला ते नाव म्हणता म्हणता दोनदा खोकला आला. आणि बायकांचे धपाटे? यंदा तर त्या वाट बघतच बसल्या होत्या.

हे नाव मात्र कुणी ठेवलं नाही. एकानेही नाही! राजाची छाती फुगली. पण झालं काय, की ठेवलं नाही तसं ते कुणी घेतलंही नाही. आचारी म्हणे, बाळराजे. माळी म्हणे, अहो. त्याची आई तर नुसतं "इकडे ये रे" म्हणायची. पोरगा दिवसभर बिननावाचा हिंडायचा.

सगुणाबाईची पाठ एवढी सुजली होती, की तिला चार दिवस तिथेच राहावं लागलं. तेलाने पाठ चोळून घेत ती गच्चीत बसायची. एका संध्याकाळी तिने बघितलं, कुंभारणीने हाक मारली, "महीपाऽल, जेवायला ये." कुंभाराचा पोर धावला, आणि त्याच्या मागून आपला राजपुत्रही धावला! जाऊन मांडी घालून बसला. कुंभारणीने त्याच्याही हातावर भाकरी ठेवली आणि वर पिठलं वाढलं. सगुणाबाईने भावाला सांगितलं, "अरे, पोरगा अजून पहिल्याच नावाला ओ देतोय." राजा म्हणाला, "होईल सवय." ऐकेल तर राजा कसला!

आणि मग, बरं का, दुसऱ्याच दिवशी राजपुत्र हरवला.

एक वासरू कळपातून फुटून रानात गेलं होतं. त्याच्यामागे पोरगा गेला, तो करवंदीच्या जाळ्यांपलीकडे एका जुन्या खड्ड्यात घसरला. वासरू आत, तोही आत. वर यायला वाट नाही. सूर्य खाली चाललेला, आणि त्या रानात बिबट्या फिरत होता. वाड्यात रडारड झाली. शिपाई धावले, दवंडीवाला धावला. पण हाक काय मारणार? "सार्वभौम... नृप... कुल..." इतक्यातच धाप लागायची. पुढचं नाव घशातच राहायचं. पोराने खड्ड्यातून ते ऐकलं, बरं का. पण त्याला वाटलं, कुणीतरी बडा राजा चाललाय आणि भालदार-चोपदार ललकारताहेत. म्हणून तो आपला वासराच्या गळ्यात हात टाकून अदबीने गप्प बसला. घ्या!

अंधारायला लागलं. राजा वेशीवर मटकन खाली बसला. "अक्का," तो रडत म्हणाला, "माझं पोर गेलं गं." एवढा मोठा राजा, पण लहान मुलासारखा रडला. सगुणाबाईचं पोटही तुटत होतं. पण तिच्या संतापाचा आता कडेलोट झाला. तिने पदर खोचला, वेशीच्या दगडावर चढली आणि होता नव्हता तेवढा आवाज लावून ओरडली, "महीपाऽऽल!"

गावातल्या घराघरातून आवाज आला, "ओ!" कुंभाराचा आला, तेल्याचा आला, धनगराचे दोन्ही आले. वेशीवर पोरांची ही गर्दी. राजाने कपाळावर हात मारून घेतला. "हे बघ, हे! यांच्यात माझा कसा सापडणार?"

"तू गप्प बस," सगुणाबाई म्हणाली. "पुष्कळ हुशारी झाली तुझी." मग ती पोरांकडे वळली. "ऐका रे. आपापल्या बापाला बरोबर घ्यायचं, आपापल्या रानात जायचं आणि महीपाल म्हणून हाका मारायच्या. पण तुमच्यापैकी कुणीही ओ द्यायची नाही. जीभ चावून धरा, पण ओ देऊ नका. जिथून ओ येईल, तो आपला."

पोरं निघाली पलिते घेऊन, बापांचे हात धरून. ज्याला जो बांध ठाऊक तो बांध, ज्याला जो ओढा ठाऊक तो ओढा. सगळ्या डोंगरभर एकच हाक, महीपाल, महीपाल. आणि ओ कुणीच देईना. मग थोड्या वेळाने लांब करवंदीच्या जाळीतून बारीकसा आवाज आला, "ओऽऽ! मी इथे आहे! वासरूपण आहे!"

धनगराच्या पोरांनी घोंगडी सोडली, त्यांच्या बापाने दोघांना वर ओढलं. आधी वासरू, मग राजपुत्र. तो तसाच हटून बसला होता, वासरू आधी.

राजाने पोराला पोटाशी धरलं ते सोडेचना. सगुणाबाईने डोळे पुसले आणि मग भावाला धारेवर धरलं. "जमीन सांभाळणारा म्हणून नाव ठेवलंस ना? अरे, जमीन केवढी! एकटं पोर कुठे कुठे पुरणार होतं? ही सगळी होती म्हणून सापडला."

राजाने मान खाली घातली. म्हणाला, "चुकलो अक्का. महीपाल हेच नाव. उद्या पुन्हा बारसं करू."

सगुणाबाईचा हात आपोआप पाठीवर गेला. मग ती हळूच हसली. "करू की. पण या वेळी कानात नाव तू सांगायचंस."

दुसऱ्या दिवशी राजा वाकला. पोराच्या कानात म्हणाला, "कुर्र, महीपाल." तो सरळ होतोय तोच मागे वळून बघतो, तर कुंभारीण, तेलीण, धनगरीण, झाडून सगळ्या महीपालांच्या आया बाह्या सरसावून उभ्या! राजा म्हणाला, "अहो, मी राजा आहे!" सगुणाबाई म्हणाली, "रीत म्हणजे रीत." आणि पहिला धपाटा तिनेच घातला, तीन बारशांचा हिशेब पुरा करून.

मग राजपुत्र मोठा झाला, राजा झाला, आणि सगळे महीपाल आपापली रानं सांभाळत सुखाने राहिले. सगुणाबाई घरी गेली, म्हशीला रेडकू झालं होतं. नाव काय ठेवलं म्हणता? ते मी सांगणार नाही, तुम्ही हसत बसाल. चला, मिटा डोळे. पाठ करा बघू इकडे. अगं, धपाटा नाही घालत वेडे, थोपटतेय.