रंगनाथनं बाई ताज्या ठेवल्या

एक होतं गाव, आणि त्या गावाच्या वाट्याला एक भोळा आला होता. रंगनाथ त्याचं नाव. गावच्या डेअरीत दुधाचे कॅन धुवायचा. सांगितलेलं काम तंतोतंत करायचा. तेवढंच तर दुखणं होतं!

त्याची बायको मंजुळा मात्र चलाख. डेअरीत कॉम्प्युटरवर नोंदी करायला बाई हवी होती, आणि मंजुळेला ती नोकरी जिवापाड हवी होती. पण हात बसवायला कॉम्प्युटर आणायचा कुठून? तालुक्याला तिच्या भावाचं, वसंताचं, मोबाइल दुरुस्तीचं दुकान. तो म्हणाला, "ताई, तुझ्या फोनला कीबोर्ड जोड, वायरीनं तोच फोन टीव्हीला जोड. झाला कॉम्प्युटर! दोन्ही वस्तू माझ्याकडं पडून आहेत. भाऊजींना पाठव."

भाऊजींना पाठव म्हणे! तिथंच सगळं बिघडलं.

रंगनाथनं कीबोर्ड आणला तो सायकलला मागं लटकवून. रस्ता सगळा खड्ड्यांचा. निम्मी बटणं वाटेत गळाली. मंजुळा संध्याकाळपर्यंत वेचत होती.

"अहो, नाजूक वस्तू ती! बैलगाडीत गादी घालून, वर गोधडी पांघरून, सावकाश आणायची!"

"बरं. पुढच्या वेळी तसंच."

पुढच्या वेळी वायर आणायची होती. रंगनाथ निघाला बैलगाडी घेऊन. येताना गादीवर वायर, वायरीवर गोधडी, बैल पाय मोजत चाललेले. गावात शिरेपर्यंत मागं ही गर्दी! भागूआत्यानं तर गळाच काढला, "सोन्यासारखं माणूस गेलं गं बाई!" रंगनाथनं गोधडी उचलली. आत हातभर वायर. आत्याचं रडं घशातच राहिलं.

मंजुळेनं कपाळावर हात मारला. "अहो, एवढीशी वस्तू! गुंडाळून खिशात टाकायची, की झालं!"

"बरं. पुढच्या वेळी तसंच."

जोडणी झाली. फोनमधलं सगळं टीव्हीवर मोठ्ठं दिसायला लागलं. मंजुळा भाकऱ्या उरकून टाइप करायला बसायची. बोटं भराभर पळू लागली. मग डेअरीच्या मुख्य ऑफिसातून कुलथे बाईंचा निरोप आला, "गुरुवारी दुपारी घरी येते. काय येतं ते बघते."

गुरुवारी मंजुळेनं रंगनाथला दह्याला पिटाळलं. बाईंना कढी आवडते म्हणे. रंगनाथनं दही खिशात टाकलं. खिशातून ते विजारीत आलं, विजारीतून वहाणेत.

"अहो देवा! दह्याला ऊन लागू द्यायचं नाही! गार जागी ठेवायचं, दार गच्च लावायचं, कितीही झालं तरी उघडायचं नाही! तर ते ताजं राहतं."

"बरं. पुढच्या वेळी तसंच."

"आता पाय धुवा आणि स्टँडवरून बाईंना घेऊन या."

कुलथे बाई बसमधून उतरल्या त्याच पदरानं वारा घेत. "काय हो हे ऊन! जीव नकोसा झाला."

ऊन म्हटल्याबरोबर रंगनाथला सगळं आठवलं. दुपारची डेअरी बंद, किल्ली त्याच्याचकडं. "या बाई, इकडं गार आहे," म्हणत त्यानं बाईंना दूध ठेवायच्या गार खोलीत नेलं, आणि दार ओढून घेतलं.

घरी येऊन म्हणाला, "ठेवल्या."

"काय ठेवलं?"

"बाई. गार खोलीत. दार नीट लागलंय का ते एकदा बघून येतो." आणि गेलासुद्धा!

नोकरी राहिली बाजूला, बाई गारठून जायच्या! मंजुळेनं बाईंना फोन लावला. आत मशीनची घरघर, बाईंना काही ऐकू जाईना. मग तिनं कीबोर्ड पुढं ओढला आणि भराभर टाइप केलं, "बाई, घाबरू नका. दाराला आतून लाल दांडा आहे. तो वर उचलून दार ढकला."

टीव्हीवर उत्तर उमटलं, "दांडा उचलला. दार हलत नाही. बाहेरून कुणीतरी रेटून धरलंय. एवढ्या धांदलीतही टाइपात एक चूक नाही तुझी. नोकरी दिली. आता मला बाहेर काढ!"

मंजुळा अनवाणीच धावली.

रंगनाथ दाराला पाठ लावून, पाय रोवून उभा होता. घामानं नुसता निथळत होता. बायकोला बघून त्याचा जीव भांड्यात पडला.

"आलीस? बरं झालं. बाई दोनदा बाहेर येत होत्या, मी काही येऊ दिलं नाही. काळजी करू नकोस मंजुळे, अजून अगदी ताज्या आहेत!"