परतीची ओ

एका राज्यात, आणि ते राज्य माणसाच्या कवटीत सहज मावावं एवढंच होतं, असंख्य बुरूज होते. दोन बुरुजांमध्ये काळ्या पाण्याचा खंदक. वरच्या बुरुजाने लाखेने बंद केलेली कुपी फेकायची, खालच्याने ती झरोक्यात झेलायची. कुपीत हाक असे. अशा हाकांवरच त्या राज्याची सगळी आठवण चाले.

तिथला राजा चंडवर्मा. पराक्रमी खरा, पण घमेंडखोर. एकदा एक तहानलेला मांत्रिक वेशीवर पाण्यासाठी हाका मारत राहिला. राजाने ऐकलं, ओ मात्र दिली नाही. मरता मरता मांत्रिक म्हणाला, "राजा, तुझ्या राज्यात हाक जाईल, पण ओ परत येणार नाही."

शाप लागला. ओ येईना, तेव्हा वरच्या बुरुजांना वाटू लागलं की पलीकडे कुणी नाहीच. कुप्या विरळ झाल्या. लोक आधी गाणी विसरले, मग घरची वाट विसरले. राजकन्या सुवर्चला बापासमोर उभी राहिली, तर राजाने विचारलं, "तू कोण?"

"आपली कन्या, महाराज."

"आम्हांला कन्या नाही."

तरी रोज सायंकाळी राजा उंच बुरुजावरून एक कुपी फेकी. तिच्यात हाक असे, "सुवर्चले!" ती कुणाला, हे त्याला ठाऊक नसे. नुसती सवय उरली होती आणि तीही थकत चालली होती. ही कुपी थांबली की बापाच्या मनातून आपण कायमच्या पुसल्या जाऊ, हे राजकन्येला कळलं. ती समोरच्या बुरुजात जाऊन राहिली.

पहिल्यांदा तिने ओ कुपीत भरली आणि उलट फेकली. वरच्या बुरुजाला त्या अंगाने झरोकाच नव्हता. कुपी भिंतीवर फुटली.

तेव्हा झरोक्यावर बसलेला एक भारद्वाज पक्षी बोलला, "राजकन्ये, भिंतीला न जुमानणारी एक वाफ आहे. नत्र आणि प्राणवायू यांची ती लेक. मांत्रिकाच्या गुहेत सापडेल."

राजकन्या डोंगर ओलांडून गेली. तिथे तिने तेच केलं, जे त्या राज्यातलं शेंबडं पोरही करील. वाफ कुपीत भरली आणि वर लाख लावली! बुरुजात येऊन लाख फोडली, तर आतून तांबूस, जहरी धूर निघाला. दोन पहारेकरी खोकत खोकत तिच्या पायाशी मेले. राजकन्या फार रडली.

"ती साठवायची वस्तू नव्हे," पक्षी म्हणाला. "हाक पडते त्याच क्षणी, ऐकणाऱ्याच्या देहातून ती जन्मते. काही श्वास जगते आणि विरते. पहिली ओ शाप तोडील. पण ती देणाऱ्याला देह परत मिळणार नाही."

"ठीक," राजकन्या म्हणाली. तिने केस बांधले आणि झरोक्याशी बसली.

त्या सायंकाळी कुपी फार हळू आली, काठावर जेमतेम अडली. आत हाक होती, "सुवर्चले!"

"ओ, बाबा."

एवढं म्हणाली आणि ती वाफ झाली. खंदकावरून गेली, दगडातून आरपार गेली. राजाच्या गालाला ऊब लागली आणि त्याला सगळं आठवलं. लेकीचं बोट आठवलं, तिचं हसणं आठवलं, आणि "आम्हांला कन्या नाही" हे स्वतःचं वाक्यही आठवलं.

"कुपी आणा! लाख आणा!" तो ओरडला. सेवक धावत आले. पण खाली, कुपीत कोंडलेल्या वाफेने मेलेल्या त्या पहारेकऱ्यांच्या चिता अजून धुमसत होत्या. राजाचा हात तसाच थांबला. त्याच्या डोळ्यांदेखत वाफ विरली.

शाप तुटला. आता हाक पडली की प्रत्येक बुरुजात ती वाफ आपोआप जन्मते, कुणाला देह द्यावा लागत नाही. ओ मिळालेला बुरूज पुढली कुपी जोराने फेकतो. लोकांना घरच्या वाटा सापडल्या, गाणी सापडली.

राजा आता म्हातारा झाला आहे. सायंकाळी बुरुजावर चढतो, कुपी फेकतो. गालाला ऊब लागते, काही श्वास राहते आणि जाते. राजा डोळे पुसतो आणि दुसरी कुपी मागवतो.