दर्याचा परवाना

मुरडेबंदरच्या भूपतराव राजाला नौकाविहाराचा भारी नाद, आणि त्याहून मोठा नाद नियम काढण्याचा. हौसेच्या होड्यांसाठी त्यानं तीन वर्गांचे परवाने काढले: तळ्याचा, खाडीचा आणि दर्याचा. होडीत नुसतं बसणाऱ्याला काही नको, पण सुकाणू धरणाऱ्याकडे त्या त्या पाण्याचा परवाना हवाच. जोमा तांडेलाकडे खाडीचा होता. एकदा पाहुण्यांना फिरवताना ओहोटीनं त्याची होडी खाडीच्या तोंडाबाहेर ओढून नेली आणि शिपायांनी ती जप्त केली.

राजानं फर्मावलं, पुनवेच्या आत दर्याचा परवाना दाखवा, नाहीतर होडी फोडून मुदपाकखान्यात जळणाला घालू. जोमानं हायच खाल्ली. मग होडीवरच वाढलेली त्याची मुलगी धाकली दरबारात गेली. तिथं कळलं की हा परवाना मिळतो फक्त दर्यावर होडी हाकल्याचा अनुभव असेल त्यालाच. आणि परवान्याशिवाय दर्यावर होडी हाकली, तर होडी जप्त! बापाचा आधीचा अनुभव? तो बिनपरवान्याचा, म्हणून बाद. राजानं पाजळलेली ही अक्कल ऐकून हसावं की रडावं, हेच धाकलीला कळेना.

तिनं विचारलं, मग राज्यात दर्याचा परवाना आहे तरी कुणाकडे?

राजा मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "आमच्याकडे. नियम आमचा, तेव्हा पहिला परवानाही आमचाच."

"मग महाराज, मला अनुभव द्या. सुकाणू तुमी धरा, मी शेजारी बसून बगते."

भर दरबारात नाही कसं म्हणणार? खरं तर राजानं जन्मात सुकाणूला हात लावला नव्हता. विहाराला गेला की तो फक्त विडे चघळायचा.

दुसऱ्या दिवशी सगळं बंदर किनाऱ्यावर लोटलं. राजाची होडी खाडीबाहेर पडली, स्वतःभोवतीच गरगरली आणि थेट खडकाकडे निघाली. राजाचा फेटा पाण्यात गेला. वल्हेकरी देवांची नावं घेऊ लागले. धाकलीनं मात्र हाताची घडी सोडली नाही.

"सुकाणू धर!" राजा ओरडला.

"कसं धरू? माज्याकडं दर्याचा परवाना नाय. आमची होडी जळणाला जायची."

"दिला परवाना!"

"पण महाराज, अनुभव?"

"अगं, मला तरी कुठं आहे!"

धाकलीनं झडप घालून सुकाणू वळवलं. होडी खडकाला चाटून गेली आणि सुखरूप परतली.

किनाऱ्यावर राजानं आधी धोतर पिळलं. मग त्यानं जोमाची होडी सोडली, अनुभवाची अटही रद्द केली आणि हळूच विचारलं, "पोरी, आमच्यासारख्यानं कुठला परवाना घ्यावा?"

"तळ्याचा," धाकली म्हणाली. "तोबी चैत्रात, पाणी आटल्यावर."

वल्हेकऱ्यांनी श्वास रोखले. राजा मात्र पोट धरून हसत वाळूतच बसला. यापुढं परवान्याची परीक्षा धाकलीच घेईल, असा हुकूम त्यानं तिथल्या तिथं काढला आणि तिला सोन्याच्या पाटल्या दिल्या. पहिल्याच परीक्षेत धाकलीनं राजाला नापास केलं.