देवाच्या गोठ्यातला पेंढा

कोणे एके काळी, आपल्या पणज्यांचे पणजेही जन्मले नव्हते तेव्हा, खाडीकाठी एक गाव होतं. नाताळ आला की तिथल्या घराघरात बाळ येशूचा गोठा मांडत. मातीचे मरियामाता आणि योसेफ, मातीची गुरं, मधोमध गव्हाण आणि गव्हाणीत पेंढा.

सगळ्यांत मोठा गोठा इनास शेतकऱ्याचा. त्याच्या गोठ्यात गुडघाभर पेंढा असायचा, छपरावरही पेंढ्याचा थर. लांबलांबची माणसं बघायला येत, ‘वा!’ म्हणत, आणि इनासची छाती फुगे. वर्षभर तो राबायचा ते जणू त्या एका ‘वा’साठीच.

त्या वर्षी बांध फुटला. खाडीचं खारं पाणी शेतांत शिरलं आणि गावाचा भात गेला. वाचलं ते इनासचं उंचावरचं शेत. त्याने आपल्या गुरांपुरता पेंढा ठेवला आणि उरलेला, सोन्यासारखा मऊ, गोठ्याला लावला.

नाताळच्या आदल्या दिवशी शेजारची मार्था दारात आली. ती एकटी बाई, एका गाईवर तिचं घर चालायचं.

“इनासदादा, गाय व्यायला आलीय आणि तिच्या अंगात उभं राहायचंही बळ नाही. थोडा पेंढा दे रे.”

“अगं, उरलाय तो देवाचा. त्यातला काढला तर पाप लागेल मला,” इनास म्हणाला.

पाप म्हणे! भीती होती ती उद्या येणाऱ्या बघ्यांची. मार्था रिकाम्या हाताने परतली.

आत त्याची म्हातारी आत्या करंज्यांना मुरड घालत बसली होती. तिने हाक मारली, “इनास, तुझ्या बापाच्या वेळचा गोठा आठवतो?”

“आठवतो की. टोपलीएवढा तर होता.”

“आणि गव्हाणीत पेंढा कसा घालायचो?”

“सगळे एकेक मूठ घालायचो.”

“घालताना काय म्हणायचो?”

इनास हळूच म्हणाला, “देवाचा एकेक उपकार सांगायचो. आई दरवर्षी माझंच नाव घ्यायची.”

“पेंढा का घालायचो ते ऐक,” आत्या म्हणाली. “गव्हाण म्हणजे गुरांचं ताट. माणसांनी बाळाला जागा दिली नाही, तेव्हा मुक्या जनावरांच्या ताटात त्याला निजवलं. त्याची आठवण म्हणून हा पेंढा. आणि तू जनावराच्याच तोंडचा घास काढून देवाचं घर सजवतोस?”

इनासला मान वर करवेना. त्याने गोठ्याचं छप्पर उतरवलं, खालचा पेंढा गोळा केला आणि भारा डोक्यावर घेऊन मार्थाकडे गेला.

गाय आडवी पडली होती. तो तिच्याजवळ बसला आणि मूठ मूठ पेंढा तिच्या तोंडाशी धरू लागला. पहिली मूठ धरताना सहज बोलून गेला, “शेत वाचलं, देवा, तुझे उपकार.” दुसरीला म्हणाला, “आत्या अजून रागवायला आहे, तुझे उपकार.” तिसरीला त्याने आईचं नाव घेतलं. कितीतरी वर्षांत त्याने देवाला इतकं मनापासून काही सांगितलं नव्हतं.

पहाटे गाय व्याली. वासरू धडपडत उभं राहिलं, तशी मार्था हसता हसता रडू लागली.

सकाळी बघे आले. उघडाबोडका गोठा पाहून एकजण म्हणाला, “इनास, यंदा देवाला गारठ्यात ठेवलंस की काय?”

“देव यंदा मार्थाकडे उतरलाय. चला, दाखवतो,” इनास म्हणाला.

माणसं हसत गेली, ते वासरू बघितलं आणि लगबगीने आपापल्या घरी वळली. दुपारपर्यंत गावातल्या घराघरातल्या देवाच्या गोठ्यातला मूठ-दोन मूठ पेंढा ज्यांची गुरं उपाशी होती त्यांच्या दारी पोचला. पुढेही गाव असंच वाटून घेत राहिलं आणि त्या उन्हाळ्यात एकही जनावर दगावलं नाही. इनासच्या गोठ्याला पुन्हा कोणी ‘वा’ म्हटलं नाही, आणि इनासलाही त्या ‘वा’ची आठवण झाली नाही.

तात्पर्य : देवाचे उपकार मानायचे असतील, तर त्याच्या नावाने राखलेला घास आधी भुकेल्याच्या मुखी घालावा.