दारात आलेला ढिगारा

पुढची गोष्ट अक्षरशः खरी आहे, शपथेवर सांगतो. मी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे त्या दिवशी मी मावशीकडे बारशाला गेलो होतो, पण ज्याने पाहिली त्याच्या डोळ्यांवर माझा माझ्या डोळ्यांपेक्षा जास्त भरवसा आहे. तेव्हा निःशंक मनाने ऐका.

एक वृद्ध गुरुजी एका लहान गावाच्या मागल्या आळीत राहत असत. त्यांची एक शिष्या, सुलभा, त्याच आळीत पाळणाघर चालवीत असे. शाळा सुटून किती वर्षं लोटली, तरी काही अडलं की ती गुरुजींच्या ओट्यावर येऊन बसायची.

आळीच्या पाठीमागे एक मोकळी जागा होती. मोकळी, पण कागदोपत्री. ज्याने नवी मोरी बांधली त्याने जुनी तिथे नेऊन टाकली. ज्याने स्वयंपाकघर पालटलं त्याने फुटका कडप्पा टाकला. फरशीचे व्यापारी गुलाबशेठ यांच्या दुकानातला तुकडा न् तुकडा तिथेच विसावत असे. ढिगारा इतका उंच झाला होता, की त्याच्या माथ्यावर उभं राहिलं तर शेजारच्या तालुक्यातल्या जत्रेतला तमाशा फुकट दिसे. सुलभाची पोरं मात्र आळीच्या अरुंद रस्त्यात खेळत, आणि मोटरसायकल वळणावर आली की ती धावत जाऊन त्यांना कडेला ओढी.

अशात वस्ती सुधारणेसाठी सरकारी अनुदान जाहीर झालं. बाग, घसरगुंडी, म्हाताऱ्यांना बाकडी, सगळं सरकार देणार. अट एकच, जागा लोकांनी आपल्या श्रमाने मोकळी करून द्यायची. सुलभाने अर्ज केला, मग घरोघर फिरली. प्रत्येक घरी चहा मिळाला आणि एकच उत्तर मिळालं, "त्यात आमचं काही नाही गं, सगळं त्या पलीकडच्यांचं आहे."

पाहणीला साहेब येणार असा निरोप आला, तेव्हा गुलाबशेठ यांनी आळीची बैठक भरवली. "अट बिट काही नसते," ते म्हणाले. "अनुदान रडणाऱ्याला मिळतं. वरच्या आळीने पाहणीच्या आदल्या दिवशी स्वतःचं गटार फोडलं, म्हणून साहेबांना पाझर फुटला. आपली आळी चकाचक दिसली तर कोण देणार?"

हे सर्वांना तत्काळ पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक उत्साहाने आळी विद्रूप करू लागले. कुणी तुळशीच्या कुंड्या आत नेल्या, कुणी दारापुढची रांगोळी पुसली. एका आजोबांनी नवा सदरा काढून मुद्दाम फाटका चढवला.

सुलभा धावतच गुरुजींकडे गेली. "गुरुजी, तुम्ही तरी आवरा यांना. तुमचं ऐकतील."

गुरुजींनी काठी उचलली, आळीच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले आणि सभोवार पाहून त्यांनी नापसंतीने मान हलवली.

"ही काय दैना म्हणायची? मला तर जराही कळवळा येत नाही. शेठ, मागे एवढा अस्सल माल पडलाय, तो काय शोभेला ठेवलाय? आणा सगळा पुढे."

सुलभा बघतच राहिली.

"मात्र ज्याचं त्याने आणायचं," गुरुजी पुढे म्हणाले, "आणि आपल्याच दारात ठेवायचं. उद्या साहेबांनी विचारलं हे कुणाचं, तर छातीठोकपणे सांगता आलं पाहिजे."

मग जे झालं ते सुलभाने जन्मात पाहिलं नव्हतं. श्रमदानाला ज्यांची कंबर धरली होती ते घमेली घेऊन पळू लागले. काल ज्या ढिगात कुणाचंच काही नव्हतं, त्यात आज प्रत्येकाला आपापलं सापडू लागलं.

"अहो काका, ही तुमच्या न्हाणीघराची निळी फरशी."

"ती नव्हे. आमची निळी जरा उजळ होती."

"काकू, काका फरशी नाकारतात. या जरा ओळख पटवायला."

काकूंनी ओळख पटवली. काकांनी निमूटपणे फरशी उचलली. गुलाबशेठ यांच्या दारात तर एवढा डोंगर झाला, की दुकानाची पाटी दिसेनाशी झाली. ढिगाच्या तळाशी एक कोंबडी निघाली. ही कोंबडी कापून खाल्ल्याच्या संशयावरून दोन शेजारणींनी बोलणं टाकलं होतं, आणि ती मात्र आत पिलं काढून मजेत नांदत होती. दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या, की घमेलं खाली ठेवावं लागलं.

साहेब आले. त्यांची जीप आळीच्या तोंडाशीच अडली.

"पाहा साहेब, कसे दिवस काढतो आम्ही," गुलाबशेठ कातर आवाजात म्हणाले.

"हे कुणाचं?"

"माझंच, साहेब," शेठ छातीठोकपणे म्हणाले.

"मग उचला की," साहेब म्हणाले. "आणि अर्जातली जागा कुठाय?"

आळीतून वाट नव्हती, म्हणून गुरुजींनी त्यांना वळसा घालून मागच्या बाजूने नेलं. मागे ऐसपैस, सपाट, काळीभोर जमीन ऊन खात पडली होती. साहेब ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले. मग त्यांनी शेरा लिहिला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचला, "जागा मोकळी. लोकसहभाग उत्तम. अनुदानास पात्र."

"पण साहेब, आमची दैना?" गुलाबशेठ यांना राहवेना.

"ती छान झाली आहे. आता आवरा."

जीप गेली. सुलभाला हसावं की रडावं कळेना. "गुरुजी, अनुदान मिळालं खरं. पण हे लोक संध्याकाळपर्यंत सगळं परत मागे नेऊन टाकतील."

"आधी तुझी पोरं सोड तिथे," गुरुजी म्हणाले.

तिने पोरं सोडली. त्यांच्यामागे आज्या गेल्या, आज्यांमागे चहाची किटली गेली. घमेलं घेऊन जो जो मागे आला, तो खेळणारी नातवंडं पाहून परत फिरला. इकडे गुलाबशेठ यांच्या दुकानात गिऱ्हाईक शिरेना. ऊन कलायच्या आत त्यांनीच ट्रॅक्टर बोलावला, आणि बोलावलाच आहे तर सगळ्यांचं जाऊ दे, असंही तेच म्हणाले. पलीकडच्या पाणंदीत, शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेत, भर हवीच होती. तिथे सगळं गेलं.

गुरुजी ओट्यावर बसून हे पाहत होते. सुलभाकडे वळून ते म्हणाले, "पोरी, तू त्यांना सर्वांचा ढीग उचलायला सांगत होतीस. सर्वांचा ढीग कुणालाच दिसत नाही. आपल्या दारातली एक फुटकी वीट मात्र दिवस मावळेपर्यंत सहन होत नाही. मी ढीग हलवला नाही, त्याला फक्त त्याच्या घरी पोचवलं. सरकार बाग देईल, घसरगुंडी देईल. पण हे माझं आहे, एवढं म्हणण्यासाठी कुठलं अनुदान मिळत नाही."

सुलभाने मान डोलावली. इतके दिवस दारोदार फिरून जे तिला उमगलं नव्हतं ते आता लख्ख कळलं होतं. प्रसन्न मनाने ती घरी आली, आणि उंबऱ्याशी थबकली. दारात कुणीतरी एक मोडका पाळणा आणून ठेवला होता. पाळणाघर सुरू केलं त्या वर्षीचा, दांडी तुटलेला, निळ्या रंगाचा. ढिगातच निघाला असणार.

तिने इकडेतिकडे पाहिलं. मग पदर खोचला, पाळणा उचलला आणि ट्रॅक्टर गेला होता त्या दिशेने एकटीच चालू लागली. ओट्यावरचे गुरुजी तिला पाहून नुसते हसले.

आता शपथ घेतलीच आहे तर कबूल करतो, कोंबडी मी घातली. त्या दोघी शेजारणी बोलू लागल्या हे खरं आहे, पण कशामुळे ते त्या सांगत नाहीत, मग मी तरी काय करणार? बाकीचं पटत नसेल, तर तुमच्या आळीमागच्या ढिगात एकदा डोकावून या. ओळखीचं काहीतरी दिसेल.