भटारखान्यामागची खोली

समुद्र बघायचा म्हणून मैनाआत्या आयुष्यात पहिल्यांदाच यवतमाळबाहेर पडली होती. तिची भाची ललिता हिने सवलतीच्या वेबसाइटवरून समुद्राकडची खोली घेतली होती. कोकणातल्या त्या हॉटेलात दोघी शिरल्या त्या जवळजवळ पळतच.

मॅनेजर कारखानिसांनी मात्र भटारखान्यामागच्या खोलीची किल्ली पुढे सरकवली.

“अहो, आम्ही समुद्राकडची घेतलीय. आणि त्या खोल्या तर रिकाम्या दिसतायत,” ललिता म्हणाली.

“त्या थेट आमच्याकडे येणाऱ्यांसाठी. वेबसाइटवरून जे जे येईल, त्याची जागा मागे. नियम म्हणजे नियम, बाई.”

आत्याचा चेहरा पडला. ललिताची नजर मात्र कारखानिसांच्या डोक्यावरून भिंतीवर गेली. तिथे गणपतीच्या तसबिरीशेजारी एक चकचकीत फलक होता, ‘पाहुण्यांचं सर्वांत लाडकं हॉटेल’. खाली त्याच वेबसाइटचं नाव होतं, आणि गणपतीइतकाच मोठा झेंडूचा ताजा हार त्यालाही घातलेला होता.

ललिता सरळ काउंटरमागे शिरली, खुर्चीवर चढली आणि हारासकट फलक काखोटीला मारून भटारखान्याकडे चालू लागली.

“अहो, तो कुठे नेताय?” कारखानीस मागे धावले.

“मागच्या खोलीत. हाही वेबसाइटवरूनच आलाय ना? तुमचा नियम मी कशाला मोडू?”

समोर सोफ्यावर बसलेले इतर पाहुणे खो खो हसले. कारखानिसांनी निमूटपणे समुद्राकडची किल्ली दिली आणि फलकासाठी हात पुढे केला.

“थांबा,” ललिता म्हणाली. “आधी आत्याला समुद्र दिसू दे. तोवर हा आमच्यासोबत राहील.”